गटात तक्रार आली, आता काय करायचं?

(सामुदायिक रेडिओवरचं भाषण)

आज जरा अवघड विषय घेतला आहे. बचत कशी करायची, कर्ज कसं फेडायचं हे आपण पुष्कळदा बोललो. पण आपल्याच गटातल्या एखाद्या बाईबद्दल तक्रार आली, तर काय करायचं? हे कुणी शिकवत नाही. आणि पैसे कमी पडून गट मोडतात त्याहून जास्त गट या एका गोष्टीनं मोडताना मी पाहिले आहेत.

नाशिकला सभेला किंवा मोर्चाला गेलेल्या बायांना गोल्फ क्लब मैदान माहीत असेल. त्र्यंबक रोडवरचं. त्याचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, पण रिक्षावाल्याला सांगताना सगळे 'गोल्फ क्लब'च म्हणतात. तिथं क्रिकेटचे रणजी सामने झाले, सभा झाल्या, सकाळी लोक चालायला येतात. मागे एकदा आम्ही तिथं सावलीला बसलो होतो, तेव्हा एका पोरीनं विचारलं, "मावशी, क्लब म्हणजे काय गं?" मी म्हटलं, "क्लब म्हणजे आपला गटच की! वर्गणी भरायची, नियम पाळायचे, पदाधिकारी निवडायचे. फरक एवढाच, ते खेळायला जमतात आणि आपण संसाराला हातभार लावायला."

पोरगी हसली. पण नंतर मी त्याचा विचार केला. मोठ्या लोकांच्या क्लबातही भांडणं होतातच. कुणी नोकराला शिवी देतो, कुणी वर्गणी बुडवतो, कुणी खेळात लबाडी करतो. मग ते काय करतात? पारावर बसून चर्चा करत नाहीत. तक्रार लेखी घेतात, समिती बसते, ज्याच्यावर आरोप आहे त्याला नोटीस देतात, त्याचं ऐकतात, आणि मग समज द्यायची, काही दिवस बंदी घालायची की सभासदत्व काढायचं ते ठरवतात. हे सगळं आधीच नियमावलीत लिहिलेलं असतं. बाराजणींच्या आपल्या गटालाही एवढं करता येतं. त्याला पैसे लागत नाहीत. एक वही लागते आणि थोडा धीर लागतो.

आमच्या गटात काय झालं

ही गोष्ट माझ्याच गटाची आहे आणि त्यात चूक माझी आहे, म्हणून नावं न घेता सांगते.

आमचा गट बाराजणींचा. महिन्याला दोनशे रुपये बचत, म्हणजे महिन्याचे दोन हजार चारशे. मी सचिव होते. त्या वर्षी पाऊस लवकर लागला. आपल्याकडं आवणी सुरू झाली की बाईला पाठ टेकायला वेळ नसतो. दोन महिने बैठक झालीच नाही. कोषाध्यक्ष बाईनं घरोघर फिरून बचत गोळा केली. पुढं पासबुक पाहिलं तर चार हजार आठशे रुपये कमी.

मी काय करायला हवं होतं? तिच्या घरी जाऊन विचारायला हवं होतं. मी काय केलं? बैठकीत सगळ्यांसमोर विचारलं, "दोन महिन्यांचे पैसे कुठं गेले?"

ती गप्प झाली. तिचा चेहरा मला आजही दिसतो. कुणीतरी म्हणालं, तिच्या पोराची फी भरायची होती ना. कुणी म्हणालं, परवा नवी साडी घेतली. दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीत तेच, नळावर तेच, बाजारात तेच. तिच्या सासूनं तिला घरात काय काय ऐकवलं असेल ते तुम्हाला सांगायला नको.

पाचव्या दिवशी ती आली. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत बँकेच्या दोन पावत्या. दोन्ही महिन्यांचे पैसे तिनं वेळेवर भरले होते. फक्त पासबुकावर नोंद छापून घ्यायची राहिली होती. पावत्या तिनं धान्याच्या कोठीत जपून ठेवल्या होत्या. कुणी विचारलंच नव्हतं की, "ताई, पावती दाखवता का?" पावत्या माझ्या हातात देऊन ती म्हणाली, "हिशोब जुळला ना? आता माझं नाव कमी करा."

आम्ही माफी मागितली. ती आजही माझ्याशी बोलते, माझ्या घरी चहा घेते. पण गटात परत आली नाही. जिच्यामुळं आमच्या वह्या स्वच्छ होत्या, तीच बाई आम्ही घालवली.

म्हणून सांगते, तक्रार हाताळायची पद्धत लबाड बाईला पकडण्यासाठी असतेच. पण त्याहून जास्त ती प्रामाणिक बाईची अब्रू राखण्यासाठी असते.

तक्रार कोणत्या जातीची आहे ते आधी ओळखा

सगळ्या तक्रारींना एकच माप लावू नका. मी तीन ढीग करते, भात पाखडताना करतो तसे.

पहिला ढीग साध्या चुकांचा. बैठकीला उशीर, सांगितल्याशिवाय गैरहजेरी, हप्ता आठ दिवस मागं पडणं, बैठकीत आवाज चढवणं. यासाठी चौकशी नको. गटानं ठरवलेला दहा-वीस रुपयांचा दंड घ्या, वहीत लिहा आणि विषय संपवा. पण दंड सगळ्यांना सारखा हवा. अध्यक्षांची जाऊ उशिरा आली तर "घरात पाहुणे होते" आणि दुसरी आली तर दंड, असं झालं की तिथंच भांडणाचं बी पडतं.

दुसरा ढीग गैरवर्तनाचा. हिशोबात गडबड, एकीच्या नावानं दुसरीनंच कर्ज उचलणं, पदाधिकाऱ्यानं सगळं कर्ज आपल्याच भावकीत वाटणं, गटातलं गुपित बाहेर फोडणं, जातीवरून किंवा नवरा नसल्यावरून टोमणे मारणं. शेवटची गोष्ट पैशाची नाही म्हणून किरकोळ समजू नका. टोमणे ऐकून बाया मुकाट गट सोडतात आणि आपण म्हणतो, "तिला जमलं नाही."

तिसरा ढीग गुन्ह्याचा. मारहाण, खोटी सही किंवा अंगठा, जाणूनबुजून पैसे हडपणं, कुणी अंगचटीला येणं. इथं गटानं न्यायाधीश व्हायचं नाही. "गावातलं गावात मिटवू" म्हणायचं नाही. मारहाणीसाठी ११२ हा पोलिसांचा आणि १८१ हा महिलांसाठीचा क्रमांक आहे. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाला तर २०१३च्या कायद्यानं जिल्ह्यात स्थानिक समिती असते. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची असते आणि बाईला लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणं हे समितीचं काम आहे. गटाचं काम एवढंच, की त्या बाईसोबत जायचं आणि तिला एकटं पडू द्यायचं नाही.

यापुढं जे सांगते ते मुख्यतः दुसऱ्या ढिगासाठी.

पायरी पहिली: तक्रार कागदावर

तोंडी तक्रार वाऱ्यावर वाढते. गिरणीत पाचशेची असते, बाजारात पोचेपर्यंत पाच हजारांची होते. म्हणून तक्रार लिहून घ्या. काय झालं, कधी झालं, कुणी पाहिलं, कागद कोणता आहे, या चार गोष्टी पुरेत. "ती बाई चांगली नाही" ही तक्रार नाही. "जूनच्या हप्त्याचे पाचशे रुपये दिले, पण माझ्या पुस्तकात नोंद नाही" ही तक्रार आहे.

जिला लिहिता येत नाही तिची तक्रार दुसरीनं लिहावी, तिला मोठ्यानं वाचून दाखवावी आणि मगच तिचा अंगठा घ्यावा. तक्रार सचिवाकडं द्यायची. सचिवाबद्दलच असेल तर अध्यक्षाकडं. दोघींबद्दल असेल तर ग्रामसंघाकडं. निनावी चिठ्ठी आली तर तिच्यावरून कुणा बाईला उभं करू नका, पण वह्या जरूर तपासा. वह्या तपासल्यानं कुणाची अब्रू जात नाही.

पायरी दुसरी: जिच्याबद्दल तक्रार आहे तिला आधी सांगा

मी नेमकं इथंच चुकले. तिला एकटीला भेटा. तक्रारीची नक्कल द्या, किंवा वाचून दाखवा. उत्तराला निदान सात दिवस द्या. आवणी किंवा सोंगणीचे दिवस असतील, घरात दुखणं असेल, तर आणखी वेळ द्या. तोवर ती दोषी नाही, फक्त तिच्याबद्दल एक प्रश्न आला आहे, हे सगळ्यांनी ध्यानात ठेवायचं. पैशाची तक्रार असेल तर तेवढ्या दिवसांपुरत्या वह्या आणि पासबुक दुसऱ्या दोघींकडं द्यावीत. पण तेही समजावून सांगून. "ही शिक्षा नाही, उद्या तुमच्यावर बोट यायला नको म्हणून करतोय," असं सांगितलं की बाईला समजतं.

पायरी तिसरी: पाहणाऱ्या कोण?

तीनजणींची समिती करा. तक्रार करणारी त्यात नको. जिच्यावर तक्रार आहे तिची जाऊ, नणंद, बहीण नको. जिचं तिच्याशी शेताच्या बांधावरून भांडण आहे ती नको. जिचे तिच्याकडं हातउसने अडकले आहेत तीही नको. छोट्या पाड्यावर सगळ्याच नात्यातल्या असतात, मग काय करायचं? ग्रामसंघातून दुसऱ्या गटाच्या दोघी बोलवा. लांबची बाई पावती बघते, जवळची तोंड बघते.

पायरी चौथी: दोन्ही बाजू आणि कागद

दोघींचं ऐका. एकीला बोलताना दुसरीनं तोडायचं नाही. मग कागद काढा. बचत पुस्तक, कर्जवही, बँकेची पावती, पासबुक, बैठकीचं इतिवृत्त. रुपयाला रुपया लावून पाहा.

इथं गोल्फमधली एक गोष्ट सांगते. त्या खेळात प्रत्येक खेळाडूमागं पंच धावत नाही. आपण किती फटके मारले ते आपणच इमानानं सांगायचं. पण नुसतं इमानावर सोडत नाहीत. स्पर्धेत सोबतचा दुसरा माणूस तुमचा आकडा कार्डावर लिहितो, आणि शेवटी दोघांच्या सह्या होतात. खऱ्यापेक्षा कमी आकड्यावर सही करून कार्ड दिलं तर खेळाडू स्पर्धेतून बाद होतो. म्हणजे विश्वास आहे, आणि सोबत दुसरी सहीसुद्धा आहे. आपल्याकडं कोषाध्यक्ष एकटी पैसे घेते, एकटी लिहिते, एकटी बँकेत जाते. दुसरी सही नाही. मग गडबड झाली तर ती एकटीच सापडते. पैसे मोजायला दोघी, बँकेत जायला दोघी, बैठकीत पासबुक वाचून दाखवायचं, एवढं केलं तर हिशोबाच्या बऱ्याच तक्रारी जन्मालाच येणार नाहीत.

पायरी पाचवी: चुकीएवढीच शिक्षा

तक्रार खरी निघाली तर शिक्षा पायरीपायरीनं. आधी समज. मग लेखी ताकीद. मग दंड. मग पदावरून दूर करणं. गटातून काढणं ही अगदी शेवटची पायरी. पैसे वापरले असतील तर ते परत यायला हवेत, त्यात सूट नाही. पण का वापरले तेही विचारा. दवाखान्यासाठी हजार रुपये वापरलेली बाई आणि दर महिन्याला शंभर कापणारी बाई एका मापानं मोजू नका. पहिलीला हप्ते बांधून द्या. तिला गरज असताना गटाकडं मागायची लाज का वाटली, हे गटानं स्वतःला विचारावं.

तक्रार खोटी निघाली तर? आधी पाहा, ती गैरसमजातून आली की मुद्दाम केली. गैरसमजाला शिक्षा नको, नाहीतर पुढं खरी तक्रार घेऊन कुणी पुढं येणार नाही. पण ज्या बैठकीत बाईवर संशय घेतला, त्याच बैठकीत "हिची काही चूक नाही" असं मोठ्यानं सांगा आणि इतिवृत्तात लिहा. गावभर गेलेली बदनामी चहाच्या कपावर धुऊन निघत नाही.

कुणाला काढायचीच वेळ आली तर तिचा हिशोब चुकता करा. तिची बचत तिची आहे. कर्ज बाकी असेल तेवढं वजा करून उरलेलं तिच्या हातात द्या, सही घ्या. रागाच्या भरात "तुझी बचत जप्त" म्हणायचं नाही. निर्णय पटला नाही तर ग्रामसंघाकडं दाद मागायची वाट तिला मोकळी ठेवा.

कायदा काय म्हणतो?

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? हात वर करून काढून टाकू. तर ऐका. बेळगावात व्हिक्टोरिया लॉज नावाची एक मंडळी होती. तिथल्या एका सभासदाला काढलं. तो भांडत भांडत थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. साठ वर्षांपूर्वीची गोष्ट. कोर्टानं त्याचं अपील फेटाळलं. पण तेव्हा जे सांगितलं ते आजही क्लब-मंडळांच्या भांडणात दाखवलं जातं. त्याचा अर्थ असा: सभासदावर संस्थेचे नियम बंधनकारक आहेत, आणि त्याला काढायचं असेल तर संस्थेनंही त्याच नियमांनी काढायला हवं. अधिकार नसताना काढलं, खोट्या हेतूनं काढलं, किंवा त्याला बोलायची न्याय्य संधी न देता काढलं, तर कोर्ट तो निर्णय रद्द करू शकतं. म्हणजे नियम धरून चाललं तर संस्था टिकते, नाही तर निर्णय उलटतो.

आपल्यातल्या काहीजणी दूध संस्थेच्या, पतसंस्थेच्या सभासद आहेत. तिथं तर महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा, १९६० लागू आहे. त्याच्या कलम ३५ प्रमाणं सभासदाला काढायचं तर सर्वसाधारण सभेत हजर असलेल्या आणि मताचा हक्क असलेल्या सभासदांपैकी तीन चतुर्थांशांनी ठराव करावा लागतो. म्हणजे चाळीसजण हजर असतील तर तीस हात वर हवेत. त्या सभासदाला सभेपुढं बोलू द्यावंच लागतं. आणि एवढं करूनही निबंधकाची मंजुरी मिळाल्याशिवाय ठराव लागू होत नाही. आपला बचत गट असा नोंदवलेला नसला तरी यातलं शहाणपण घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

आणखी एक गोष्ट. गटाचं भांडण गटाबाहेर जाऊ देऊ नका. "तिच्या घरच्या लग्नाला जायचं नाही, तिला पाणी भरू द्यायचं नाही, तिच्या रोपाला आवणीला जायचं नाही," असं बोलणं कानावर आलं तर तिथंच थांबवा. जातपंचायतींच्या मनमानीविरुद्ध २०१३ साली आपल्या नाशिकमधूनच मोठी मोहीम उभी राहिली, आणि पुढं महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. २०१७ पासून तो लागू आहे. समाजानं एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पण कायद्याची भीती बाजूला ठेवा. ज्या बायांनी स्वतः वाळीत पडण्याचं दुःख पाहिलं आहे, त्यांनीच दुसरीला वाळीत टाकावं का?

पुढच्या बैठकीत एवढं करा

भांडण नसताना नियम लिहा. भांडणात लिहिलेला नियम एका बाईवर रोखलेला असतो. घर शाकारायचं ते मृगाआधी. पावसात छपरावर चढलं की पाय घसरतो.

इतिवृत्ताच्या वहीत एक पान घ्या आणि ठराव लिहा:

एक, तक्रार लेखी घेतली जाईल आणि पोच दिली जाईल.
दोन, जिच्याबद्दल तक्रार आहे तिला आधी कळवून निदान सात दिवस दिले जातील.
तीन, चौकशी नात्यात नसलेल्या तिघी करतील.
चार, दोन्ही बाजू आणि कागद पाहिल्याशिवाय निर्णय होणार नाही, आणि तो एका महिन्यात होईल.
पाच, चौकशी चालू असताना त्याबद्दल गटाबाहेर कुणी बोलणार नाही.
सहा, निर्णय पटला नाही तर ग्रामसंघाकडं जाता येईल.

सगळ्यांना वाचून दाखवा. ज्या नवीन सभासद येतील त्यांनाही वाचून दाखवा. सगळ्यांच्या सह्या, अंगठे घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

आमच्या वहीत हे पान आहे. त्यावर अकराजणींच्या सह्या आहेत. बारावी सही नाही. दरवर्षी आवणी झाली की पहिल्या बैठकीत आम्ही ते पान मोठ्यानं वाचतो. तुम्ही ते आधीच लिहा, म्हणजे तुमच्या वहीत सगळ्यांच्या सह्या राहतील.